पकड घेणारी बोटे

2016 साली ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतला एक शोधनिबंध आला. प्रयोगशाळा अर्णब घोष यांची, पहिले लेखक अभिषेक सहस्रबुद्धे. विषय फॉर्मिन-2 नावाच्या प्रथिनाचा. नाव रुक्ष असले तरी निबंध सावकाश, चवीने वाचावा असा आहे.

घटना घडते कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत. पाठीकडच्या बाजूला असलेल्या काही चेतापेशी आपला तंतू पोटाकडे सोडतात. तो मध्यरेषेपाशी येतो, ती ओलांडून पलीकडे जातो आणि मग मेरुरज्जूच्या लांबीने वळतो. तंतूच्या टोकाला पंजासारखा पसरट भाग असतो, तो ग्रोथ कोन. त्यातून फिलोपोडिया नावाची बारीक बोटे सतत बाहेर येतात आणि आत जातात. 1890 मध्ये चेतासंस्थेचा अभ्यासक काहाल याने हे टोक प्रथम ओळखले, तेही कोंबडीच्याच भ्रूणात. त्याच्यासमोर रंगवलेल्या, मृत ऊतींचे काप होते. तरी हे टोक वाट काढत पुढे सरकत असणार, हे त्याने त्यांवरूनच ताडले.

तंतूला वाट कोण दाखवते, याचे उत्तर पाठ्यपुस्तके रासायनिक खुणांमध्ये शोधतात. काही खुणा ओढतात, काही दूर लोटतात. ओढणारे नेट्रिन 1994 मध्ये शुद्ध रूपात हाती आले, तेही कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूतून. पण खूण कळली तरी चालायचे कसे? पुण्याचा निबंध इथे हात घालतो.

त्याचे मर्म मला एका नकारात्मक निष्कर्षात दिसते. फॉर्मिन-2 कमी केले, तरी बोटे फुटतात आणि लांबही होतात. ज्या अॅक्टिन प्रथिनाच्या धाग्यांनी ही बोटे उभी राहतात, त्यांच्याशी संबंध असलेले प्रथिन कमी केल्यावर बोटेच येणार नाहीत, अशी आपली अपेक्षा असते. ती इथे मोडते, आणि मग खरा दोष दिसतो: बोटाच्या टोकाची जमिनीवरची पकड पक्की होत नाही, त्यामुळे ओढ लावण्याइतका जोर येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कातळ चढताना हात खोबणीपर्यंत पोहोचला म्हणून माणूस वर जात नाही. बोटे रुतावी लागतात, आणि रुतलेल्या बोटांवर अंग पेलावे लागते. ‘पोहोचणे’ आणि ‘धरणे’ या दोन क्रिया एका पेशीच्या टोकावर इतक्या स्वच्छपणे वेगळ्या केलेल्या मी क्वचितच वाचल्या आहेत.

मधेच निबंध उंदराच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीतल्या, पेशींकडे वळतो. पहिल्या वाचनात हे विषयांतर वाटते. पण तिथे अॅक्टिनच्या जुड्यांची रचना निराळी आहे, धागे परस्परविरुद्ध दिशांना आहेत, आणि तरीही फॉर्मिन-2 कमी झाल्यावर पकडच ढिली होते. म्हणजे हे काम एका जातीच्या जुडीपुरते नाही. हा भाग वगळला असता तर निबंध सुबक झाला असता, पण तोकडा राहिला असता.

शेवटी लेखक काचेवरच्या पेशींवरून अंड्यातल्या जिवंत भ्रूणाकडे येतात. तिथेही फॉर्मिन-2 कमी केलेल्या तंतूंची वाढ अडते, वाट चुकते. दोष त्या त्या पेशीचा स्वतःचा आहे, शेजाऱ्यांमुळे आलेला नाही, हेही ते दाखवतात. खुणा जागच्या जागी असूनही वाट चुकू शकते, हे यातून उलगडते. माणसांत याच जनुकातल्या बिघाडाचा बौद्धिक अक्षमतेशी संबंध 2014 मध्ये नोंदला गेला होता. त्या नोंदीला पेशीच्या पातळीवरचा अर्थ इथून मिळू लागतो. संपूर्ण प्राण्याचे वागणे या निबंधात नाही. ते याच गटाने पुढे झेब्राफिशमध्ये तपासले.

आपल्या नगरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मुले कोंबडीच्या भ्रूणाच्या 24, 48, 72 तासांच्या स्लाइड पाहून आकृत्या काढतात, नावे देतात, जर्नल पूर्ण करतात. शिक्षकांना विनंती आहे की त्या तासाला हा निबंध सोबत न्यावा आणि त्यातली ग्रोथ कोनची चित्रे मुलांना दाखवावीत. हे काम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यातल्या पाषाणला, आयसरमध्ये झाले आहे, हेही सांगावे.