उंदरांची बाग आणि आपला नाका

व्यसनमुक्तीवर शाळेत व्याख्यान ठेवले, की उंदरांची एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पिंजऱ्यात एकटा ठेवलेला उंदीर मॉर्फीनचे पाणी पीत राहिला; सवंगड्यांसोबत मोकळ्या जागेत राहणारा मात्र साध्या पाण्याकडे वळला. तात्पर्य : माया द्या, व्यसन सुटेल. अशाच एका व्याख्यानानंतर एका आईने आम्हांला विचारले, “म्हणजे आमचीच माया कमी पडली का?” तेव्हापासून ही गोष्ट आम्हांला खुपते.

प्रयोग खरा आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. ऐसपैस लाकडी पेटी, भुसा, खेळायला डबे, नर-माद्या एकत्र. मॉर्फीन कडू, म्हणून त्यात साखर. पेटीतले उंदीर हे पाणी पिंजऱ्यातल्यांपेक्षा पुष्कळच कमी प्यायले. मात्र १९९६ मध्ये पेट्री यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. व्याख्यानातून नेमके हेच वाक्य गळते.

जोडीला व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक येतात. हा पुरावा अधिक भक्कम. ली रॉबिन्स यांनी १९७१ च्या सप्टेंबरात परतलेल्यांची पाहणी केली. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनी झाले. पण हे सैनिक पुरवठादार, सोबती, ती जागा, सारे समुद्रापार सोडून आले होते. आपला रुग्ण उपचार संपवून त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर परततो. पुडी विकणारा त्याला नावाने ओळखतो, आणि घरात त्याच्या हाती कोणी दहा रुपयेही देत नाही.

म्हणून जुन्या जागेतच नवी जागा करावी लागते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणचे काम या दृष्टीने पाहावे. गर्द बंद केल्यावर अंग मोडून येते, उलट्या, जुलाब होतात. व्यसनी त्याला ‘टर्की’ म्हणतात. तिथे डॉक्टर हवेत, नुसती माया नव्हे. नंतर समुपदेशन, गटातले बोलणे, व्यसनातून बाहेर पडलेलेच कार्यकर्ते, रुग्णांच्या पत्नींचा वेगळा गट, घरी गेल्यावरचा पाठपुरावा. मायेलाही इथे वेळापत्रक आहे! उंदरांच्या पेटीत यातले काहीच नव्हते.

गोष्टीत घसरण्यालाही जागा नाही. प्रत्यक्षात पुष्कळजण घसरतात. काही आठवडे हेरॉइन बंद राहिले, की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने घेतले तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. घसरल्याचे सांगायला त्याला कोणी आहे की नाही, यावर मग जीव अवलंबून राहतो.

प्रयोग वर्गात जरूर सांगावा, पेट्रींच्या निष्कर्षासकट. मग विचारावे : बागेतला उंदीर पुन्हा पिंजऱ्यात सोडायचाच असेल, तर पिंजऱ्यात काय काय बदलाल? आणि फळ्याच्या कोपऱ्यात १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. कोणासाठी, ते विचारू नये.