लांब उडी मारणारं यान आणि वही ठेवणारं यान

अंतराळातले गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, शोधमोहिमेसाठी सगळ्यात चांगलं यान कोणतं? उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात येतं : एका उडीत किती प्रकाशवर्षं जातं तो आकडा. आकडा महत्त्वाचा आहे, नाही असं नाही. पण त्यातून यान किती लांब जातं एवढंच कळतं. शोध घ्यायला ते किती उपयोगी आहे, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

संशोधनाच्या ब्लॉगवर गेमची चर्चा कशाला, असं काही जणांना वाटेल. कारण साधं आहे. गेममध्ये नियम उघडे असतात. ‘शोध’ कशाला म्हणायचं, बक्षीस कशाला द्यायचं आणि काय हरवलं की नुकसान धरायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पीएचडीला नाव नोंदवायच्या तयारीत असाल तर हेच प्रश्न तुमच्यासमोरही येणार आहेत, फक्त तिथे नियम इतके स्पष्ट लिहिलेले नसतात. म्हणून आज दोन गेम आणि त्यांतली यानं तपासू : ‘एलिट डेंजरस’ आणि ‘आउटर वाइल्ड्स’.

आकड्याची बाजू

‘एलिट डेंजरस’ हा फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या ब्रिटिश कंपनीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापात आहे, म्हणजे सुमारे ४०० अब्ज तारे-प्रणाली. सूर्याजवळचे बरेच तारे खऱ्या तारासूचींमधून घेतले आहेत, बाकीचे ठरलेल्या नियमांनुसार संगणक तयार करतो. इतकी वर्षं एवढे लोक भटकतायत, तरी सगळ्यांनी मिळून यातला एक टक्काही पाहिलेला नाही.

अशा ठिकाणी उडीच्या आकड्याला किंमत येणारच. आकाशगंगेच्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए* हे कृष्णविवर साधारण २६ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. एका उडीत ३० प्रकाशवर्षं जाणाऱ्या यानाला तिथे पोचायला साडेआठशेहून जास्त उड्या लागतात, ७० जाणाऱ्याला पावणेचारशेच्या आसपास. प्रत्येक उडीला मिनिटभर धरलं तरी फरक लक्षात येतो.

आकडा वाढवायचा तर वजन घटवायचं. बंदुका काढा, ढाल लहान करा, मालाचे खण रिकामे ठेवा. इथे एक गंमत आहे. यानाच्या भागांना ‘ए’ ते ‘ई’ असे दर्जे असतात. ‘ए’ सगळ्यात ताकदवान, पण सगळ्यात हलका ‘डी’. त्यामुळे जाणकार शोधक उडीचं इंजिन ‘ए’ दर्जाचं घेतात आणि बाकी बरंचसं सामान ‘डी’ दर्जाचं. इंधनालाही वजन असतं, म्हणजे टाकी भरलेली असली की उडी थोडी आखूड पडते. काय न्यायचं यापेक्षा काय मागे ठेवायचं हे ठरवणं अवघड, ही गोष्ट गेमने कुठलाही उपदेश न करता शिकवली आहे. सिनॉप्सिस लिहायला बसलात की याची आठवण येईल.

मग ‘ॲनाकोंडा’ सगळ्यात चांगलं म्हणायचं का? हे अवाढव्य यान, पण आकाराच्या मानाने त्याचा सांगाडा कमालीचा हलका. सगळ्या सुधारणा केल्या तर ते एका उडीत ८० प्रकाशवर्षांच्या पुढे जातं. कागदावर बराच काळ त्याला तोड नव्हती. पण वळायला ते जड, आणि खडबडीत ग्रहावर उतरवायला सपाट जागा शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. त्याच्यापुढे ‘ॲस्प एक्सप्लोरर’ बघा. आकडा कमी, पण समोरची काच एवढी मोठी की पायाखालचा ग्रहसुद्धा दिसतो. ‘डायमंडबॅक एक्सप्लोरर’ची कीर्ती आणखी वेगळी : ते तापत नाही.

तापण्याचा मुद्दा किरकोळ नाही. या गेममध्ये इंधन ताऱ्याच्या जवळून उडताना गोळा करायचं असतं, आणि ते सगळ्या ताऱ्यांपाशी मिळत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांचे तारे चालतात, म्हणजे खगोलशास्त्राच्या पुस्तकात पाठ करतो तीच यादी. त्यापुढचे एल, टी, वाय वर्गांचे तपकिरी बटू कोरडे. लागोपाठ तसेच तारे लागले आणि टाकीकडे लक्ष नसलं, तर यान जागच्या जागी अडकतं. अशांना इंधन पोचवायला खेळाडूंनीच ‘फ्युएल रॅट्स’ नावाचं मदतपथक उभं केलं आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून यान नेलं तर पुढची उडी चौपट होते, पण दर वेळी इंजिनाची थोडी झीज होते. दुरुस्तीचं यंत्र बरोबर नसेल तर चौपट उडीची ही चैन फार काळ परवडत नाही.

बघणं म्हणजे काय?

इथवरचं सगळं प्रवासाबद्दल झालं. शोधाचा खरा प्रश्न पोचल्यावर सुरू होतो : यान तुम्हाला बघायला कसं लावतं?

डिसेंबर २०१८ पर्यंत ‘एलिट’मध्ये हे फारच सोपं होतं. चांगला स्कॅनर असला की एक बटण दाबायचं, भोंगा वाजल्यासारखा आवाज यायचा आणि त्या ताऱ्याभोवतीचे सगळे ग्रह नकाशावर हजर. चित्रं बघायची, एखादा निळा ग्रह दिसला तर वाट वाकडी करायची, नाहीतर पुढची उडी. त्या डिसेंबरमध्ये ही पद्धत बदलली. आता भोंगा वाजवल्यावर फक्त एक पट्टी मिळते आणि तिच्यावर काही खुणा. खडकाळ ग्रहांची खूण एका भागात, वायुग्रहांची दुसऱ्या भागात. रेडिओचं स्टेशन लावावं तशी वारंवारता जुळवायची, आकाशात दिशा शोधायची, मग तो ग्रह समोर येतो.

जुन्या खेळाडूंपैकी बरेच नाराज झाले. पूर्वी एका नजरेत दिसायचं, आता प्रत्येक ग्रहासाठी खटाटोप, शिवाय हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं, अशी तक्रार होती. तक्रारीत तथ्य आहे. शंभरावी प्रणाली तपासताना हात यांत्रिकपणे चालतात. तरीही मला नवी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. आधी खूण दिसते, मग ‘हा पाण्याचा ग्रह असावा’ असा अंदाज बांधावा लागतो, आणि मग तो खरा की खोटा ते कळतं. अनुभवी खेळाडू पट्टीवरच्या जागेवरून पृथ्वीसारखा ग्रह ओळखतात. आपण प्रयोगशाळेत स्पेक्ट्रम वाचतो तो काही वेगळ्या रीतीने वाचत नाही. आणि संपूर्ण पृष्ठभागाचा नकाशा हवा असेल तर आजही जवळ जाऊन प्रोब सोडावे लागतात. ते गुरुत्वाने वळतात, त्यामुळे पलीकडची बाजू गाठायला नेम वाकडा धरावा लागतो. थोडक्यात, उंटावरून उतरायची सोय ठेवली आहे.

परत येणं

‘एलिट’चा मला सगळ्यात आवडणारा नियम मात्र वेगळा आहे. तुम्ही जे पाहिलं ते एखाद्या स्थानकावर येऊन जमा करेपर्यंत फक्त तुमच्या यानात असतं. वाटेत यान फुटलं तर माहिती गेली. दोन महिन्यांची भटकंती शेवटच्या टप्प्यात, ग्रहावर उतरतानाच्या एका चुकीने शून्य होऊ शकते. आणि ग्रहाच्या माहितीत ‘प्रथम शोध’ म्हणून नाव लागतं ते आधी पोचणाऱ्याचं नाही, आधी माहिती जमा करणाऱ्याचं.

हा नियम क्रूर आहे आणि खरा आहे. प्रसिद्ध न झालेलं निरीक्षण जगासाठी झालेलंच नसतं. म्हणून परतीच्या वाटेवर भरवशाचं असलेलं, दणका सोसणारं यान हे पाच प्रकाशवर्षं जास्त उडणाऱ्या यानापेक्षा चांगलं शोधयान आहे. ढाल पूर्णच काढून वजन वाचवणारे लोक एक हिशेब विसरतात. वाचलेल्या उड्या डझनभर असतील, पणाला लावलेली माहिती मात्र सगळ्या मोहिमेची असते.

पण इथेच ‘एलिट’ची उणीवही दिसते. जमा काय होतं? ग्रहाचं वस्तुमान, वातावरण, मूल्य, तुमचं नाव. तुम्ही तिथे का वळलात, कोणती शंका आली होती, तिचं पुढे काय झालं, याला यानात जागा नाही. खुणेच्या जागा साठवता येतात, विशेष गोष्टींची एक सूचीही आहे. पण दोन नोंदींमधला संबंध यानाला कळत नाही. म्हणून मन लावून खेळणारे लोक शेजारी कागद नाहीतर स्प्रेडशीट उघडून बसतात.

वही ठेवणारं यान

‘आउटर वाइल्ड्स’ ही बरोबर उलटी बाजू. ॲलेक्स बीचम याने अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पदव्युत्तर पदवीचा प्रबंध म्हणून हा गेम सुरू केला. तो पूर्ण होऊन २०१९ मध्ये बाहेर आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. प्रबंध कपाटात धूळ खात पडलाच पाहिजे असा नियम नाही, हे यावरून कळावं.

यातली सूर्यमाला इवलीशी आहे, काही मिनिटांत कुठेही पोचता येतं. यान लाकूड-पत्रा ठोकून बनवल्यासारखं दिसतं. शस्त्र नाही, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात एकही सुधारणा करता येत नाही. आदळलं तर अंतराळपोशाख चढवून बाहेर जायचं आणि हाताने दुरुस्त करायचं. स्वयंचलित उड्डाणाची सोय आहे, पण वाटेत सूर्य आला तर ती तुम्हाला खुशाल सूर्यात घालते. आकड्यांत मोजायला गेलं तर हे यान नापास.

पण त्याच्या मागच्या भागात एक नोंदफलक आहे. तुम्ही वाचलेलं, पाहिलेलं प्रत्येक महत्त्वाचं काही तिथे चौकटीच्या रूपात येतं आणि कशावरून काय कळलं हे रेषांनी जोडलं जातं. नुसतं ऐकलेलं, अजून न पाहिलेलं ठिकाण प्रश्नचिन्ह घेऊन उभं राहतं. एखादी जागा पाहिली, पण पुरती पाहिली नाही, तर ‘इथे अजून काही आहे’ अशी सूचना राहते. गेममध्ये काळ दर २२ मिनिटांनी पुन्हा मागे जातो. यान, इंधन, तुमचा जीव, सगळं मूळपदावर येतं. टिकतो तो फक्त हा फलक. पैसा नाही, पदक नाही. पुढच्या फेरीत तुम्ही वरचढ ठरता ते फक्त तुम्हाला जास्त माहीत असतं म्हणून.

माझ्या दृष्टीने शोधयानाची ही सगळ्यात नेमकी कल्पना आहे. तरी दोष सांगायलाच हवा. हा फलक फार खात्रीने बोलतो. ‘इथे अजून काही आहे’ हे त्याला ठाऊक असतं, कारण कुणीतरी ते आधीच तिथे ठेवलं आहे. या सूर्यमालेत महत्त्वाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे. खऱ्या संशोधनात असं सांगणारं कुणी नसतं, गाईडसुद्धा नाही. तिथे शंभर प्रणाली पालथ्या घातल्यावर शंभरही कंटाळवाण्या निघू शकतात. ते रितेपण ‘एलिट’ने लपवलेलं नाही, ‘आउटर वाइल्ड्स’ने मात्र आपली सुटका केली आहे.

बीगलची चिठ्ठी

‘एलिट’च्या आकाशगंगेत सूर्यापासून सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवर, पार दुसऱ्या टोकाला, ‘बीगल पॉइंट’ नावाची जागा आहे. खेळाडूंसाठी ती पंढरीच. नाव ऐकलं की डार्विनचं जहाज आठवतं. एचएमएस बीगल जेमतेम २७ मीटर लांबीचं होतं आणि १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं फिरलं. १८३५ मध्ये गालापागोसला डार्विनने पक्षी जमवले, पण कोणता फिंच कोणत्या बेटावरचा हे नीट लिहून ठेवलं नाही. १८३७ मध्ये लंडनला पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ते पक्षी तपासले तेव्हा बेटाच्या नावाला एकदम महत्त्व आलं. मग कप्तान फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांनी जमवलेल्या, बेटाचं नाव लिहिलेल्या नमुन्यांचा आधार घ्यावा लागला. जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं होतं, आणि घोडं पेंड खात होतं ते एका चिठ्ठीपाशी.

म्हणून लॅब निवडताना तिथलं सर्वात महागडं उपकरण कोणतं एवढंच विचारू नका, तो उडीचा आकडा झाला. फेलोशिप थांबली तर मधल्या महिन्यांचं इंधन कुठून येतं, हेही विचारा. आधीच्या विद्यार्थ्याचा डेटा कुठे ठेवलाय आणि त्याच्या नोंदी वाचून आज कुणाला काही कळतं का, हे विचारा. फसलेल्या प्रयोगांची वही आहे का, तेही बघा. ही उत्तरं वेबसाइटवर सापडत नाहीत, तिथल्या सीनियरबरोबर चहा प्यावा लागतो.

आणि गेमपुरतं विचाराल, तर माझं मत ‘डायमंडबॅक एक्सप्लोरर’ला. उडी पुरेशी, ताऱ्याजवळ डोकं थंड, कुठेही उतरतं. ढाल काढू नका. कीबोर्डशेजारी एक वही मात्र ठेवा, आणि प्रत्येक पानावर तारखेबरोबर तुम्ही तिथे का थांबलात तेही लिहा.