हौसेचं मोल

हौसेला मोल नाही, असं आपण सहज म्हणतो. पोळ्याला बैलांना नवी झूल घेतली, लग्नात वाजंत्री जास्तीची सांगितली, की हे वाक्य तोंडी येतंच. पण ज्याची हौसच तोंडाला रंग लावायची आहे, आणि त्याच रंगावर ज्याला पोरंबाळं जगवायची आहेत, त्याच्या हौसेला मोल असतं. ते कोण देतं, कधी देतं आणि कोणत्या बोलीवर देतं, हे पाहिल्याशिवाय नटाची गोष्ट पुरी होत नाही. हीच कसोटी लावून मी 'नटरंग' हा सिनेमा पुन्हा पाहिला. त्याबद्दल चार शब्द.

आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी हा सिनेमा केला. 1 जानेवारी 2010 ला तो लागला. गुणा कागलकर हा मजूर, अंगाने पैलवान, नाद तमाशाचा. विहिरीवर यंत्र बसतं, मोट बंद पडते, हातचं काम जातं. मग सवंगडी जमवून तो फड उभा करतो. नाचणारी मिळते, पण फडाला नाच्या पाहिजे अशी अट पडते. दुसरं कोणी तयार होत नाही. राजाचं काम करायची स्वप्नं पाहणारा गुणा स्वतःच नाच्या होतो. पुढं त्याची बायको, त्याचं घर, त्याचं गाव सगळं त्याच्यापासून तुटत जातं.

सिनेमाचं जे खरं आहे ते आधी सांगतो. अतुल कुलकर्णी यांनी पैलवानाचं अंग कमावलं आणि मग तेच अंग उतरवून नाच्या उभा केला. चालणं बदललं, मान बदलली, नजर बदलली. आमच्याकडच्या जुन्या फडांत बाईचं काम पुरुष करायचे. गाव रात्री त्यांना टाळ्या द्यायचं आणि सकाळी पारावर त्यांचीच टिंगल करायचं. हा गावाचा दुटप्पीपणा सिनेमाने बरोबर पकडला आहे. मोटेवरचा गडी रिकामा झाला म्हणून तमाशाकडे वळला, हेही खरं आहे. कला पोटातून येते असं नुसतं म्हणायचं नसतं, पोट रिकामं कशाने झालं ते दाखवायचं असतं. सिनेमाने ते दाखवलं.

माझी तक्रार यापुढची आहे. फड उभा राहीपर्यंत पैशाची चणचण जागोजागी दिसते. फड चालू लागला की पैसा गोष्टीतून नाहीसाच होतो. सुपारी कितीची ठरली, नाचणारीचा वाटा किती, ढोलकीवाल्याला काय, गाडीभाडं कोणी भरलं, कर्ज कोणाचं, काही कळत नाही. गुणाची सगळी झुंज मर्दपणाशी लागते. ती झुंज मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण बाराही महिने फडात राहणाऱ्या माणसाला विचारा, झोप कशाने उडते? तो उचलीचं नाव घेईल.

उचल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून धरतात आणि तो वैशाखात आटोपतो. पुढं पावसाळ्याचे चार महिने कलावंताच्या घरी चूल पेटली पाहिजे. म्हणून फडमालक पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ देतो. ती उचल. ती अंगावर असली की माणूस त्या फडाला बांधला. आजारी पडला, बोर्डावर उभं राहायचं मन नसलं, दुसरीकडे चांगलं काम मिळत असलं, तरी उचल फिटेपर्यंत सुटका नाही. बरं, मालकही काही पेटी भरून बसलेला नसतो. तोही सावकाराकडून व्याजाने आणतो आणि वाटतो. एका यात्रेत एक सोंगाड्या मला आमच्या अहिराणीत म्हणाला, "आबा, आम्हले उचल नाचाडस." लोक म्हणतात ढोलकी नाचवते. तो म्हणाला, उचल नाचवते.

आम्हा शेतकऱ्यांना हे काही नवं नाही. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. जुनं साल आखाजीला संपतं, नवी बोली आखाजीला होते आणि तिच्यावर आगाऊ रक्कम दिली जाते. तमाशाचा हंगाम आटोपतो तोही त्याच सुमाराला. म्हणजे एकाच गल्लीतला एक गडी वावरासाठी बांधला जातो आणि दुसरा बोर्डासाठी, दोघांची तिथी जवळपास एकच. 'नटरंग' म्हणतो की गुणा शेत सोडून तमाशात गेला. माझं म्हणणं असं, की तो शेतातून बाहेर पडलाच नाही. फक्त मालक बदलला.

दुसरंही एक नातं आहे. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घ्या, धुळ्याच्या एकवीरा देवीची चैत्रातली घ्या, नाहीतर गावोगावच्या जत्रा घ्या. गावच्या जत्रेत तमाशाची सुपारी वर्गणीतून जाते आणि वर्गणी कपाशीतून, केळीतून निघते. कापूस भावावाचून घरात पडून राहिला की वर्गणी मागणाऱ्याला लोक दारातूनच 'पुढच्या साली बघू' म्हणतात. शेतकरी बुडाला की पहिला कात्रीत सापडतो तो सोंगाड्या. 2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. चैत्र-वैशाखातल्या यात्रा म्हणजे फडांचं कापणीचं पीक. ते उभं पीक त्या वर्षी जागच्या जागी गेलं. उचल मात्र अंगावर राहिली.

सिनेमाचा शेवट मानसन्मानाने होतो. म्हातारा गुणा थाटामाटात गौरवला जातो आणि आपण डोळे पुसत बाहेर येतो. मला हा शेवट सोपा वाटतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून शाबासकी मिळाली. तरी त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली. 2002 साली त्या गेल्या आणि पुढं सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच. पण पुरस्कार म्हणजे मजुरी नव्हे. मजुरी दर आठवड्याला लागते, पुरस्कार म्हातारपणी एकदा मिळतो. सिनेमा इथं राहिलेला हिशोब शाल-नारळाने चुकता करतो.

याच्या शेजारी दुसरं एक चित्र ठेवून पाहा. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. तिथं नासिर शेख नावाच्या हौशी माणसाने लग्नाचं चित्रण करायच्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला. पुढं तो 'सुपरमॅन' करायला निघाला. ती सगळी धडपड फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या 2008 सालच्या माहितीपटात टिपली. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा काटकुळा पोरगा. शुक्रवारी माग बंद असतात, गावाला सुट्टी असते. एरवी रोजी बुडवून शूटिंगला जायचं. उंचावरून चित्र घ्यायला यांच्याकडे यंत्र नाही, तर बैलगाडीची धुरी वर करून तिच्यावर कॅमेरावाला बसवतात. थोड्याच वर्षांत शफीक कर्करोगाने गेला.

हा माहितीपट मला 'नटरंग'पेक्षा खरा वाटतो. याचं कारण मागाचा खडखडाट त्यात शेवटपर्यंत ऐकू येतो. पोट कशावर चालतं आणि जीव कशात अडकला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत दिसतात. यावरच रीमा कागती यांनी 2025 मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आणला. तो जरा जास्त चकचकीत आहे. पण मित्रामित्रांत नाव आणि पैसा यावरून फाटतं, ते त्यात आहे. हौशीचा धंदा होताना आधी दोस्ती ताणली जाते, हे ज्याने एकदा फड केला आहे त्याला सांगावं लागत नाही.

आमच्याकडे पोरगा नट व्हायचं म्हणाला की लोक स्मिता पाटीलचं नाव घेतात, आपल्या शिरपूरची म्हणून. अभिमान मलाही आहे. पण ते घर शिवाजीराव पाटलांचं होतं, राजकारणातलं, पाठीशी उभं राहणारं. त्या वाढल्या पुण्यात, मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, तिथून सिनेमात गेल्या. त्यांच्या अंगचा गुण कोणी दिलेला नव्हता, तो त्यांचाच. पण गुण उमलेपर्यंत घरची चूल थांबत नव्हती. सालदाराच्या पोराला ही सवलत नाही. त्याला त्यांचं नाव सांगताना हा फरकही सांगितला पाहिजे.

आताची पोरं मोबाइलवर अहिराणी विनोद करतात, गाणी करतात, लाखो लोक पाहतात. जळगाव-धुळ्याच्या कानाकोपऱ्यातली पोरं त्यात दिसतात, याचा मला आनंदच आहे. आमची बोली ऐकून हसणारं जग असं कधी मिळालं नव्हतं. पण मी त्यांना एकच विचारतो: बाबा रे, पैसे जमा होतात ते खातं कोणाच्या नावावर आहे? तुला रोज मिळतो की वाटा? की नुसता नाश्ता? बऱ्याच वेळा पोरगं हसतं आणि म्हणतं, "आबा, अजून ओळख होऊ राहिली." ओळख हीसुद्धा उचलच. आज घेतो, पुढं फेडत बसतो.

म्हणून जो शिकवायचा तो अभिनय शिकवा, पण त्याच्याबरोबर बोली करायलाही शिकवा. कामाआधी रक्कम ठरवावी, दोन माणसांसमोर ठरवावी, कागदावर लिहून घ्यावी. हौस कमी होत नाही त्याने. आम्ही कापूस विकताना मापाला उभे राहतो, म्हणून आमचं शेतावरचं प्रेम कमी झालं का?

आणि सिनेमावाल्यांना एक सांगणं. तमाशावर पुढचा सिनेमा कराल तेव्हा लावणी दाखवा, ढोलकी दाखवा, पण फडमालकाची ती लाल कापडाची वहीही एकदा उघडून दाखवा. कोणाच्या नावापुढं किती उचल आहे आणि किती वर्षं ती तशीच चालत आली आहे, एवढं वाचून दाखवलं तरी पुष्कळ होईल.