जेवण मिळेल, टेबल नाही

परवाच्या भागात लसीच्या दाखल्यावर बोलता बोलता आम्ही मुंबईच्या लोकलपाशीच अडकलो आणि सिंगापूर राहूनच गेलं. खरं तर या धोरणाची सगळ्यात भक्कम बाजू मांडायची तर सिंगापूरचंच उदाहरण घ्यावं लागतं. म्हणूनच त्यातली चूकही तिथेच शोधायला हवी.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. बुकित पंजांग हे सिंगापूरच्या वायव्येकडचं उपनगर, मलाय भाषेत 'लांब टेकडी'. सरकारी घरांच्या उंच इमारती, त्यांच्यामधून वळणं घेत जाणारी 1999 सालापासूनची छोटी एलआरटी, स्टेशनजवळ हिलियन मॉल आणि बुकित पंजांग प्लाझा. आणि इमारतींच्या पायथ्याशी कोपीतियाम, म्हणजे चहा-कॉफी आणि जेवणाच्या टपऱ्या एका छपराखाली. त्याचंच मोठं रूप म्हणजे हॉकर सेंटर. भिंती नाहीत, एसी नाही, वर पंखे, मधोमध टेबलं. सकाळी तिथे कोण बसलेलं असतं? बहुतेक म्हातारी माणसं. एक कप कोपी आणि दोन तास.

आता नियम बघा. 10 ऑगस्ट 2021 पासून सिंगापूरमध्ये रेस्टॉरंटात बसून जेवायला लस लागू लागली. पण हॉकर सेंटर आणि कोपीतियाममध्ये दोघांनी बसायला लसीची अट नव्हती. ही सवलत विचार करून ठेवलेली होती. रेस्टॉरंट ही चैन, कोपीतियाम हे रोजचं जगणं, एवढा फरक त्यात मान्य केलेला होता. 13 ऑक्टोबर 2021 ला ती सवलत गेली. लस न घेतलेल्यांना मॉलमध्ये प्रवेश नाही आणि हॉकर सेंटरमध्ये बसणं नाही. बारा वर्षांपर्यंतची मुलं, नुकतेच कोविडमधून बरे झालेले आणि 24 तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट असलेले यांना सूट होती. बाकीच्यांनी दाबाओ करायचं, म्हणजे पार्सल घ्यायचं. कोपीसुद्धा दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरी न्यायची.

सरकारची बाजू कमकुवत नव्हती, हे आधी कबूल करू. ऑगस्टच्या अखेरीस 80 टक्के लोकांचे दोन्ही डोस झाले होते. लस फुकट होती आणि घराजवळ मिळत होती. डेल्टाची लाट वर जात होती आणि लस न घेतलेल्यांत म्हातारी माणसं बरीच होती. आयसीयू भरतील ती त्यांनीच, ही भीती खरी होती.

मुंबईशी तुलना करा, म्हणजे हे नीट कळेल. 15 ऑगस्ट 2021 पासून लोकलमध्ये बसायला दोन डोस आणि वर 14 दिवस अशी अट आली. मॉललाही दोन डोस. पण 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली ती 1 मे रोजी, आणि कोविशील्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर. हिशोब करा: पहिल्याच दिवशी लस मिळालेला माणूससुद्धा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कसाबसा पात्र ठरतो. त्यात मे महिन्यात साठा नाही म्हणून महाराष्ट्राला या गटाचं लसीकरण थांबवावं लागलं होतं. म्हणजे आपल्याकडे दाखला माणसाची तयारी मोजत नव्हता, सरकारचा पुरवठा मोजत होता. सिंगापूरमध्ये तो खरोखर तयारी मोजत होता. तेवढ्यापुरता तो जास्त न्याय्य होता.

मग चुकलं कुठे? आमच्या मते, बंदी उठवण्याच्या क्रमात.

26 एप्रिल 2022 ला सिंगापूरने बहुतेक ठिकाणची लसीची अट काढली. मॉल खुले झाले, कामाच्या जागाही. तीन गोष्टी मात्र मागे राहिल्या: नाइटक्लब, 500 पेक्षा जास्त लोकांचे कार्यक्रम आणि बसून खाणं. शेवटची अट 10 ऑक्टोबर 2022 ला गेली. वर्षाला तीन दिवस कमी. या मधल्या साडेपाच महिन्यांत लस न घेतलेली आजी एसी असलेल्या हिलियन मॉलमध्ये दिवसभर फिरू शकत होती, पण इमारतीखालच्या उघड्या कोपीतियाममध्ये बसायची तिला परवानगी नव्हती. दारावर तपासणी उरली नव्हती, फक्त अधूनमधून. पण नियम होताच, आणि म्हातारी माणसं नियमाला घाबरतात.

तुम्ही म्हणाल, खाताना मास्क काढावा लागतो, त्यामुळे धोका जास्त. मान्य. पण मग मास्क काढलेल्या दोन जागांमध्ये फरक करायला नको? बंद खोलीतलं एसी रेस्टॉरंट आणि चारी बाजूंनी वारा येणारं हॉकर सेंटर यांतली हवा सारखी नसते. हा फरक सरकारला माहीत नव्हता असं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनीच तो केला होता. ऑक्टोबरमध्ये तातडी होती म्हणून पुसला, ते समजू शकतं. पण तातडी ओसरल्यावर तो परत आणला नाही.

पोटाचा प्रश्न नव्हताच. जेवण मिळत होतं. काढून घेतलं होतं ते टेबल, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी टेबल म्हणजे दिवसभरात कुणाशी तरी बोलण्याची एकमेव जागा असू शकते. सिंगापूरला हे कुणी शिकवायला नको. 16 डिसेंबर 2020 ला युनेस्कोने त्यांच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते चवीसाठी नव्हे, तर लोक एकत्र बसून जेवतात यासाठी. दहा महिन्यांनी त्याच 'एकत्र बसण्या'ला परवाना लागला.

पुढची साथ येईल तेव्हा दाखला मागावा की नाही, यावर पुन्हा भांडण होईल. आमचा आग्रह एवढाच, की बंदी घालतानाच ती उठवण्याची यादीही लिहावी, आणि तिच्यात पहिला नंबर अशा जागांचा असावा ज्यांना घरात पर्याय नाही. मॉलशिवाय माणसाचं चालतं. बुकित पंजांगच्या आजीला विचारा, टेबलाशिवाय चालतं का.