गलतीकरांस पत्र : हाजरेच्या बाजूने वाचताना

नव्या करारातील पौलाचे गलतीकरांस पत्र अवघे ६ अध्यायांचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, आज तुर्कस्तानात असलेल्या प्रदेशातील मंडळ्यांसाठी ते लिहिले गेले. प्रश्न एकच : येशूवर विश्वास ठेवणाऱ्या परजातीयांनीही सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का? पौलाचे उत्तर ठाम नकाराचे आहे. तो इतका संतापला आहे, की त्याच्या बहुतेक पत्रांच्या आरंभी येणारे आभाराचे शब्दही येथे नाहीत.

हा वाद कोरड्या तत्त्वांचा नव्हता, पंगतीचा होता. अंत्युखियात पेत्र परजातीयांसोबत जेवत असे. याकोबाकडची माणसे येताच तो भिऊन बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. पंगतभेदाचा चटका ज्यांनी सोसला आहे, त्यांना हा राग समजावून सांगावा लागत नाही. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे तिसरा अध्याय सांगतो.

चौथ्या अध्यायात मात्र आपण अडखळतो. नियमशास्त्राचे बंधन दाखवण्यासाठी पौल रूपक घेतो ते हाजरेचे. मराठी बायबलातील ही हागार. ती म्हणजे सीनाय पर्वत, ती म्हणजे गुलामी. तौरातमधील सारेचे बोलणे पुढे करून तो दासीला आणि तिच्या मुलाला घालवून द्यायला सांगतो. त्याचा रोख सुंतेची सक्ती करणाऱ्या उपदेशकांवर आहे, हे मान्य. पण भेद मिटवणाऱ्या लेखणीने एका दासीलाच बाहेर काढावे, ही या पत्रातील न सुटलेली गाठ आहे.

आपल्या परंपरेत याच बीबी हाजरेची धाव हजचा भाग झाली. तहानलेल्या इस्माईलसाठी ती सफा आणि मरवा यांच्यामध्ये ७ वेळा धावली. तेव्हा तिला तसा कोणाचा हुकूम नव्हता. आज श्रीमंत असो वा मजूर, प्रत्येक हाजी तिच्या पावलांवर चालतो. येथे शरीयत स्वातंत्र्याच्या आड येत नाही. एका एकाकी आईची धडपड तिने जपली आहे.

म्हणून पौलाचा प्रश्न आपल्याला चुकतो असे नाही. ७ फेऱ्या पुऱ्या करून परतलेला माणूस घरच्या मोलकरणीला वेगळ्या कपात चहा देत असेल, तर त्याच्या हाती नियम राहिला, हाजरा हरवली. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्यात सगळे नियमशास्त्र येते, असे पाचव्या अध्यायात पौलच लिहितो. हा निकष हागारीपाशी त्याला लावावा आणि मोलकरणीपाशी आपल्याला.