बोलीनकाशावरील नावे : सन्निधीचा एक प्रश्न

बोलींचा नकाशा हा एका अर्थी विधानांचाच संग्रह असतो. मात्र ही विधाने वाक्यांत नसून जागांत मांडलेली असतात. नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशात अक्राणीच्या डोंगरपट्ट्यावर ‘पावरी’ हे नाव छापले, की त्या प्रदेशात ती बोली बोलली जाते असे विधान पूर्ण होते. ह्या विधानाला क्रियापद नाही, विभक्तिप्रत्ययही नाही. नावाची जागा हेच त्याचे व्याकरण होय. म्हणून नकाशावरील लेबल कोठे आहे हा प्रश्न छपाईच्या सौंदर्याचा नसून अर्थनिश्चयाचा आहे, आणि पृष्ठमांडणीच्या संगणकीय साधनांचे परीक्षण त्याच दृष्टीने व्हावयास हवे.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे सांगितली आहेत : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. पदांचा उच्चार विलंबाविना होणे ह्याला तेथे सन्निधि म्हटले आहे. उच्चारात जे काम काळ करतो ते नकाशात अंतर करते. लेबल आणि त्याचे स्थान ह्यांत अंतर पडले, की एकतर अर्थबोध होत नाही, किंवा जवळच्या दुसऱ्याच स्थानाशी नावाचा अन्वय लागतो. दुसरा प्रकार अधिक घातक होय. कारण त्यात वाचकाला शंका येण्यास जागाच राहत नाही.

पृष्ठमांडणीच्या बहुतेक आज्ञावल्यांत चित्राची चौकट आणि मजकुराची चौकट ह्या दोन स्वतंत्र वस्तू असतात. नकाशावर लिहिलेले नाव डोळ्यांना नकाशावर दिसते, पण आज्ञावलीच्या हिशेबी ते पानावर असते. नकाशाचे आकारमान बदलले नाही तोवर हा भेद लक्षात येत नाही. समजा, 1 सेंटिमीटरास 10 किलोमीटर ह्या प्रमाणाचा, 16 सेंटिमीटर रुंदीचा नकाशा आहे आणि धडगावचा बिंदू त्याच्या डाव्या व वरच्या कडेपासून प्रत्येकी 8 सेंटिमीटरांवर आहे. पुस्तकाचा आकार लहान ठरल्यामुळे डावा वरचा कोपरा स्थिर ठेवून नकाशा 12 सेंटिमीटर रुंदीचा केला, तर तो बिंदू दोन्ही कडांपासून 6 सेंटिमीटरांवर येतो. लेबल मात्र 8 सेंटिमीटरांवरच राहते. नव्या प्रमाणात 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 13.3 किलोमीटर, म्हणून 2 सेंटिमीटरांची ही तफावत दक्षिणेस सुमारे 27 आणि पूर्वेस तितकीच किलोमीटर होते. धडगावच्या आग्नेयेस इतके सरकलेले नाव सातपुड्यावरून उतरून शहादा-पुरुषोत्तमनगरच्या ऊसपट्ट्यात येऊन बसते. गुजरी आणि अहिराणी ज्या सपाटीवर ऐकू येतात, तेथे नकाशा आता डोंगरातील पावरी दाखवू लागतो.

मुद्रितशोधनात ही चूक सापडेल असा भरवसा धरता येत नाही. मुद्रितशोधक वर्ण तपासतो, आणि येथे एकही वर्ण चुकलेला नसतो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही असत्य असलेल्या वाक्यासारखीच ह्या लेबलाची अवस्था असते. त्याचा दोष ओळखावयाचा तर मूळ प्रदेश ठाऊक हवा. आणि ज्याला तो ठाऊक आहे त्याला नकाशाची गरज सहसा नसते.

ह्यावर तीन उपाय प्रचारात आहेत. पहिला नांगरणीचा. ‘इनडिझाइन’ ह्या आज्ञावलीत 2005 च्या आवृत्तीपासून वस्तू मजकुराशी जखडून ठेवण्याची सविस्तर सोय आहे. परंतु ही जखडण वाहत्या मजकुरातील एखाद्या स्थानाशी असते, चित्रातील बिंदूशी नव्हे. परिच्छेद पुढे गेला की आकृती त्याच्या मागोमाग जाते, एवढेच तिचे फलित. आकृती आणि परिच्छेद ह्यांची सन्निधि त्यामुळे राखली जाते. नाव आणि स्थान ह्यांची राहत नाही.

दुसरा उपाय नकाशा व लेबले ह्यांचा गट करून तो एकत्र लहानमोठा करण्याचा. ह्यात जागा टिकते, पण अक्षरही चित्राबरोबर आक्रसते. 8 पॉइंटांचे अक्षर पाऊणपट केल्यास 6 पॉइंटांचे होते. रोमन लिपीला हे कदाचित सोसेल. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली चिन्हांची दाटी असते, आणि अर्थभेदाचा भार पुष्कळदा त्यांच्यावरच असतो. नवापूर भागातील कोकणा समाजाची ‘कोकणी’ आणि गोमंतकातील ‘कोंकणी’ ह्यांना लेखनात वेगळे ठेवण्याचे काम अनुस्वाराचा एक ठिपका करतो. तो ठिपका कागदावर पुसट झाला तर जागा अचूक राहूनही नाव बदलते.

तिसरा उपाय लेबले चित्रातच कायमची मिसळून टाकण्याचा. तो सर्वांत सोयीचा, म्हणून सर्वांत रूढ. परंतु अशा चित्रातील नाव हे मजकूर म्हणून उरतच नाही. ते शोधता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. बोलींची नावे पुनःपुन्हा तपासावी लागतात अशा विषयात ही अडचण किरकोळ मानता येणार नाही.

तिन्ही उपायांत एकच वैचारिक गोंधळ आहे : लेबलाचा चित्राशी असलेला संबंध एकपदरी समजला जातो. वस्तुतः तो दुपदरी आहे. लेबलाची जागा चित्राच्या प्रमाणात बदलावयास हवी. अक्षराचा आकार आणि बिंदूपासून सोडलेली मोकळी जागा मात्र वाचकाच्या डोळ्याच्या सोयीने स्थिर राहावयास हवी. जागेचा स्वामी नकाशा, आकाराचा स्वामी पान. हा भेद काही साधनांनी ओळखला आहे. लाटेकमधील ‘ओव्हरपिक’ ह्या संचात चित्राच्या लांबीरुंदीच्या अंशांत स्थान सांगून नाव ठेवता येते आणि अक्षर मजकुराच्या मापाचेच राहते. ‘क्यूजीआयएस’मध्ये नाव थेट अक्षांश-रेखांशांशी बांधले जाते व अक्षराचे माप स्वतंत्रपणे ठरते. ह्यावरून अडचण तंत्राच्या अभावाची नाही, साधनाच्या निवडीची आहे, हे उघड होते.

येथे एक आक्षेप संभवतो. बोली ही बिंदूवर नसते, प्रदेशावर पसरलेली असते; तेव्हा तिच्या नावाला एकच आधारबिंदू मानणे कितपत योग्य? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचा निष्कर्ष उलट दिशेने जातो. बोलींच्या सीमा ठळक रेषेने दाखविणे अप्रामाणिक ठरते म्हणून प्रामाणिक नकाशाकार ती रेषा टाळतो. आणि रेषा गेली की नावाची जागा हेच एकमेव विधान उरते. खानदेशात तर हे विधान वादग्रस्तही आहे. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात नसून 1907 साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या भागात आहे. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी मराठीहून वेगळी गणली असून अहिराणी तिच्याखाली येते, तर पावरी भिली-भिलोडी ह्या गटात मोडते. जेथे वर्गीकरणाबद्दलच एकमत नाही, तेथे चौकटीचा कोपरा ओढल्याने एका बोलीने दुसरीचा मुलूख घ्यावा, हे अभ्यासकाला परवडणारे नाही.

म्हणून बोलीनकाशासोबत प्रत्येक लेबलाच्या आधारबिंदूचे अक्षांश-रेखांश देणारी यादी जोडणे, आणि आकारमानातील शेवटच्या बदलानंतर निदान तीन दूरदूरची नावे त्या यादीशी ताडून पाहणे, ही प्रबंधातील पाठचिकित्सेइतकीच आवश्यक शिस्त मानली पाहिजे. नकाशा तयार करणाऱ्याचे दायित्व नाव लिहून संपत नाही. छापलेल्या पानावर ते नाव आपल्या गावी पोहोचले आहे, एवढी खात्री झाल्यावरच ते संपते.