‘नैसर्गिक’ तणनाशकाची गोड बातमी

नील-हरित शैवाल म्हटले की वर्गात भातखाचरातील नत्रस्थिरीकरणाचा पाठ सुरू होतो. (शैवाल हे नाव तसे फसवेच, हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू.) शेजाऱ्यांची वाढ रोखणारी द्रव्येही हे जीव बाहेर सोडतात, हा भाग मात्र पाठात येत नाही.

असेच एक द्रव्य २०१९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. सिनेकोकॉकस इलाँगेटस या गोड्या पाण्यातील जिवाणूने सोडलेली ती सात कार्बनांची शर्करा आहे, नाव ७-डीऑक्सिसेडोहेप्ट्युलोज. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले वनस्पती ज्या रासायनिक वाटेने बनवतात, तिला शिकिमेट मार्ग म्हणतात. या वाटेवरच्या एका विकराला ही शर्करा म्हणजे आपला नेहमीचाच कच्चा माल वाटतो, आणि त्याचे काम अडते. ग्लायफोसेट हे प्रसिद्ध तणनाशक हीच वाट थोडी पुढे अडवते.

संशोधन उत्तम आहे, याबद्दल आम्हांला शंका नाही. आमची तक्रार आहे ती ‘ग्लायफोसेटला नैसर्गिक, निर्धोक पर्याय’ या बातम्यांबद्दल. निर्धोक का, तर माणसात शिकिमेट मार्ग नाही. पण १९७४ साली बाजारात आलेल्या ग्लायफोसेटच्या बाजूनेही हाच युक्तिवाद होत आला, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद ‘बहुधा कर्कजनक’ अशी केली. ती नोंद वादग्रस्त आहे, हे खरे. तरीही एक वाट आपल्यात नाही एवढ्यावरून त्या द्रव्याचा दुसऱ्या कुठल्याच वाटेने उपद्रव नाही, असे ठरत नाही.

शिवाय ही वाट तणांची खासगी मालमत्ता नाही. ती पिकांत आहे, बुरशींत आहे, मातीतल्या व आपल्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंतही आहे. त्याच शोधनिबंधात या शर्करेने मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसबरोबर यीस्टचीही वाढ रोखली. यीस्ट काही तण नव्हे! बातम्यांनी हा भाग गाळला नसता, तर वाचकानेच विचारले असते : मग शेतातल्या पिकाचे काय?

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचे म्हणाल, तर यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विषही सायनोबॅक्टेरियाच बनवतात.